मधुमेहाचा हिरड्यांशी काय संबंध?

उद्या सकाळी दात घासून झाले, की चूळ भरण्यापूर्वी थुंकीकडे जरा नीट पाहा. तिच्यात तांबूस रेघ दिसते का? दिसली, तर तुम्ही म्हणाल, "ब्रश जरा जोरात लागला असेल." घरातल्या मोठ्या माणसांना विचारलेत, तर तीही बहुधा हेच सांगतील. पण असे पाहा, रोज हात धुताना बोटांमधून रक्त येऊ लागले, तर "साबण जोरात लागला" म्हणून आपण गप्प बसू का? निरोगी हिरडीतून नेहमीच्या घासण्याने रक्त येत नाही. ते येते, तेव्हा तिथे जंतू आणि आपले शरीर यांची झटापट चाललेली असते. आणि ही झटापट फक्त तोंडापुरती राहत नाही, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

माझी एक मावशी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तिला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. गोळ्या वेळेवर घेते, चहात साखर नाही, शेतावर जाणे-येणे आहेच. तरीही दोन वर्षांपूर्वी तिच्या रक्तातली साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी गोळी जोडली. घरच्यांना संशय, की ही चोरून गोड खाते! मावशी बिचारी शपथा घेऊन दमली. त्याच सुमारास तिने ज्वारीची भाकरी सोडली होती आणि ती चहात बुडवून खारी आणि टोस्ट खाऊ लागली होती. कारण विचारले, तर "चावत नाही गं आता" एवढेच उत्तर. तिचे दात हलत होते. पण हे तिने डॉक्टरांना सांगितले नाही, कारण दातांचे दुखणे साखरेच्या डॉक्टरांना कशाला सांगायचे? आणि डॉक्टरांनीही तिला कधी "आ कर" म्हटले नव्हते. दोन वर्षे गोळ्या वाढत गेल्या आणि दुखण्याचे एक मूळ तोंडात तसेच राहिले.

हे मूळ कोणते, ते समजून घेण्यासाठी आधी दातांवर काय साचते, ते पाहू.

दातांवरची वस्ती

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक याला भिंगे घासण्याचा नाद होता. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा मऊ थर काढून आपल्या भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात त्याला असंख्य बारीक जीव हालचाल करताना दिसले. हे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. जिवाणूंचे मानवाने केलेले हे अगदी सुरुवातीचे निरीक्षण होय. जिवाणूंच्या अभ्यासाची सुरुवात दात न घासण्यातून झाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही!

हा थर म्हणजे जंतूंचा चिकट लेप. आपण तो रोज घासून काढतो आणि तो रोज पुन्हा जमतो. पण काढलाच नाही, तर? हा प्रश्न डेन्मार्कमधल्या ऑर्हुस येथे हॅराल्ड लो या दंतवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अगदी सरळ मार्गाने सोडवला. त्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे साफ बंद करायला सांगितले. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या लाल झाल्या आणि सुजल्या. मग त्यांनी पुन्हा घासायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही दंतवैद्यकाच्या प्रत्येक पुस्तकात असतो. (तुम्ही तो घरी करून पाहू नका. वर्गातले शेजारी तक्रार करतील.)

म्हणजे नुसती सूज असेल, तर ती परतवता येते. पण लेप महिनोन्‌महिने तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांमुळे तो दगडासारखा कडक होतो. याला आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीच्या खाली उतरतात, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिशासारखी फट तयार होते. मग दात ज्या हाडात रुतलेला असतो, ते हाड हळूहळू झिजू लागते. या अवस्थेला आपल्याकडे पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. गंमत म्हणा की दुर्दैव, पण दात किडला की ठणकतो, पायोरिया मात्र बहुधा दुखत नाही. त्यामुळे दात हलू लागेपर्यंत माणूस निवांत असतो.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर या रोगाला लपायला आणखी एक जागा आहे, ती म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर भाजून काळी करायची आणि तिच्या पुडीने दात घासायचे, ही सवय अनेक घरांतल्या बायकांना असते. त्यांना वाटते, मशेरीने हिरड्या घट्ट होतात. खरा प्रकार असा, की तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त कमी येते, म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. आत हाड झिजायचे ते झिजतच राहते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. माझी मावशीही मशेरीवालीच.

साखर तिथे काय करते?

आता मधुमेहाकडे वळू. आपण खाल्लेल्या भाकरीचे, भाताचे पोटात ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. रक्तातून पेशींत शिरण्यासाठी, विशेषतः स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरण्यासाठी, त्याला इन्शुलिनची मदत लागते. हे इन्शुलिन पोटामागचे स्वादुपिंड तयार करते. मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात शरीर स्वतःच्याच इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा प्रकार बहुधा लहान वयात सुरू होतो. तुमच्या वर्गातही एखादा मुलगा किंवा मुलगी इन्शुलिन टोचून घेत असेल. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत आणि पुढे पुढे तेही अपुरे पडते. मोठ्या माणसांत बहुधा हाच असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत.

तुम्ही कधी खवा आटवताना पाहिले आहे? दूध पांढरे असते, पण आटता आटता त्याला तपकिरी झाक येते. दुधातली साखर आणि दुधातली प्रथिने उष्णतेने एकमेकांना चिकटतात, त्याचा हा रंग. भाकरीच्या पापुद्र्यावरचे डाग याच जातीचे. अशीच क्रिया आपल्या शरीरात चुलीशिवाय, अतिशय सावकाश चालू असते. रक्तात ग्लुकोज जितके जास्त, तितके ते प्रथिनांना जास्त चिकटते. तांबड्या पेशींतल्या हीमोग्लोबिनला ते किती चिकटले आहे, हे मोजता येते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या एका मोजणीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज येतो. या तपासणीला 'एच-बी-ए-वन-सी' म्हणतात. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून इथे पास होता येत नाही!

हिरडीतल्या प्रथिनांनाही ग्लुकोज असेच चिकटते. त्यातून जे पदार्थ होतात, त्यांनी हिरडीतल्या पेशी चिडतात आणि सूज धुमसत राहते. जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम बिघडते. जखम भरायला उशीर लागतो. शिवाय साखर फार वाढली, की लघवी जास्त होऊन तोंड कोरडे पडते, आणि लाळ कमी झाली की दात किडायला सोपे जातात. म्हणजे जंतू तेच, लेप तोच, पण मधुमेह्याच्या तोंडात तो जास्त नुकसान करतो. हे वयस्कांपुरतेच आहे असेही नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ६ ते १८ वर्षांची मुले तपासली, तेव्हा मधुमेह असलेल्या मुलांच्या हिरड्या इतरांपेक्षा जास्त बिघडलेल्या आढळल्या. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

इथवर गोष्ट एकाच दिशेची झाली: साखर वाढली, हिरड्या बिघडल्या. पण उलट दिशेनेही काही घडते का? तोंडभर पायोरिया असेल, तर हिरडीखालच्या सगळ्या फटींमधला सुजलेला भाग मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो, असा हिशेब दंतवैज्ञानिकांनी मांडला आहे. म्हणजे साधारण आगपेटीच्या छापाएवढी उघडी जखम! अशी जखम पायावर असती, तर आपण दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडातली ती दिसत नाही. या जखमेतून जंतू आणि सुजेतून सुटणारी रसायने रक्तात उतरत राहतात. त्यांतली काही रसायने इन्शुलिनचा निरोप पेशींपर्यंत नीट पोचू देत नाहीत. निरोप पोचला नाही, की साखर रक्तातच राहते.

नदीकाठचे लोक

हे सारे तर्काला पटते. पण विज्ञानात तर्क पटणे पुरेसे नसते. माणसे वर्षानुवर्षे तपासून खात्री करावी लागते. असा एक प्रदीर्घ अभ्यास अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हीला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांमध्ये १९६५ साली सुरू झाला. स्वतःच्या भाषेत ते स्वतःला 'नदीकाठचे लोक' म्हणवतात. एकोणिसाव्या शतकात वरच्या अंगाला वसलेल्यांनी नदीचे पाणी वळवले, यांची शेती बुडाली, आणि पुढे त्यांच्यात मधुमेह इतका पसरला, की पस्तिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या लोकांना तो होता. त्यांच्याच सहकार्याने मधुमेहाबद्दल जगाला पुष्कळ कळले.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले, की मधुमेह असलेल्या पिमांना पायोरिया होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट होते. पुढे १९९६ साली उलट दिशाही दिसली: सुरुवातीला ज्या मधुमेह्यांच्या हिरड्या फार खराब होत्या, त्यांची साखर दोन-चार वर्षांनी हाताबाहेर जाण्याची शक्यता अधिक होती. दरम्यान १९९३ साली एका शास्त्रज्ञाने पायोरियाला मधुमेहाचा 'सहावा उपद्रव' म्हटले होते. डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा हे आधीचे पाच. हा शास्त्रज्ञ कोण असेल? बारा जणांचे ब्रश बंद करणारा हॅराल्ड लो!

मग उपचारांचे काय?

१९२२ सालापूर्वी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला औषधच नव्हते. डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य काही महिन्यांनी लांबवत. कॅनडातल्या टोरांटो येथे लेनर्ड टॉम्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा, म्हणजे तुमच्याच वयाचा, जेमतेम ३० किलो वजनाचा होऊन रुग्णालयात पडला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता, गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिप याने तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीपासून तो पुन्हा दिल्यावर लेनर्डची साखर उतरली. तो आणखी १३ वर्षे जगला. पहिल्या प्रकाराला आजही इन्शुलिनला पर्याय नाही.

दुसऱ्या प्रकाराचा पाया म्हणजे आहार, व्यायाम आणि वजन. त्यांवर औषधांची भर. फ्रान्समध्ये १९४२ साली विषमज्वराच्या रोग्यांना एक सल्फा औषध देताना त्यांची साखर धोकादायक उतरली, त्या अपघातातून गोळ्यांचा एक गट निघाला. 'मेटफॉर्मिन' ही आज सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी युरोपातल्या एका रानटी झुडपाच्या अभ्यासातून आली. ती घेणाऱ्या काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर घालवतात. आणि एका गटाची कुळकथा तर ऐकण्यासारखी आहे. पिमांच्या त्याच हीला नदीवरून नाव पडलेली 'हीला मॉन्स्टर' ही एक विषारी सरड्याची जात आहे. तिच्या विषारी लाळेत जॉन एंग या अमेरिकन संशोधकाला आपल्या आतड्यातल्या एका संप्रेरकासारखा पदार्थ १९९२ साली सापडला. तो जेवणानंतर इन्शुलिन वाढवतो. त्यावरून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या यादीत हिरड्यांच्या उपचाराला जागा आहे का? इथे शास्त्रज्ञांमध्ये चांगलाच वाद झाला. २०१३ साली अमेरिकेत ५१४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत हिरड्या साफ करून सहा महिन्यांनी एच-बी-ए-वन-सीमध्ये काहीच फरक दिसला नाही. टीकाकार म्हणाले, उपचारानंतरही पुष्कळांच्या हिरड्यांतून रक्त येतच होते. झाडू मारून कचरा तिथेच ठेवला, तर घर स्वच्छ झाले असे कसे म्हणायचे? २०१८ साली लंडनमध्ये २६४ रुग्णांवर कसून उपचार करून पाहिले, तेव्हा वर्षाअखेर दोन गटांत ०.६ चा फरक पडला. २०२२ साली ३५ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. त्यात तीन-चार महिन्यांनी सरासरी सुमारे ०.४ ची घट दिसली. म्हणजे आकडा ८ असेल, तर तो ७.६ च्या आसपास येतो. हा फरक लहान वाटेल, पण दुसरी गोळी जोडूनही काही वेळा एवढाच मिळतो. मात्र याचा अर्थ हिरड्या साफ केल्या की गोळी सोडता येते, असा कोणी घेऊ नये. औषध ते औषधच. हिरड्यांचा उपचार त्याच्या वाटेतला अडथळा दूर करतो, इतकेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे एक समजूत फार घट्ट आहे, की साखरेच्या माणसाने दात काढू नये, जखम भरत नाही. साखर आटोक्यात असेल, तर दातही काढता येतो आणि जखमही भरते. उलट पू झालेला दात तसाच ठेवला, तर साखर आणखी चढते. फक्त दंतवैद्याला मधुमेह आहे हे आधी सांगायचे, आणि कोणती औषधे चालू आहेत तेही. बरेच जण दवाखान्यात जायचे म्हणून उपाशी जातात. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिले, तर साखर एकदम उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. म्हणून सकाळची वेळ घ्यावी, नेहमीची न्याहारी आणि नेहमीचे औषध घेऊन जावे, आणि खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी असावी. तुमच्या घरी आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांच्याबरोबर तुम्हीच जा. पुडी तुमच्या खिशात असू द्या. आणि कवळी असेल, तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची असते, हेही त्यांना विचारून पाहा. पुष्कळ जण ती घालूनच झोपतात, आणि मधुमेहात तिच्याखाली बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मावशीच्या तोंडात शेवटी पाहिले, ते तालुक्याला नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टरीण बाईंनी. त्यांनी तिला दंतवैद्याकडे पाठवले. तीन दात वाचण्यापलीकडे गेले होते, ते काढले. बाकीच्यांखालचे किटण चार खेपांत साफ केले. मशेरी सुटायला मात्र सहा महिने लागले, आणि त्यात मावशीपेक्षा तिच्या नातीचा वाटा मोठा; ती डबी लपवून ठेवत असे. साखर उतरली, ती नेमकी कशाने? हिरड्या बऱ्या झाल्या म्हणून, की खारी-टोस्ट सुटून भाकरी पुन्हा ताटात आली म्हणून? एका माणसावरून हे ठरवता येत नाही, म्हणून तर शेकडो माणसांच्या चाचण्या करतात. मावशीला त्याचे काही नाही. परवा मी गेलो, तेव्हा ती ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसली होती. नातीने मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारले, "मामा, हिरडीतून रक्त माझ्यापण येतं. मलाही साखर झाली का?" तिच्या ब्रशचे केस पार वाकडे झाले होते. मी म्हटले, "आधी ब्रश बदल, दोन आठवडे सकाळ-रात्र नीट घास, आणि मग मला सांग."